वारा अडवू नका, गाळा: कोकणातल्या परसबागेचा आडोसा

मेमध्ये बांधलेला मांडव आर्द्रातल्या पहिल्याच झोडप्यात आडवा होतो. दोडक्याची फुलं धरता धरता गळतात. मिरचीची रोपं सतत हलून बुंध्याभोवती मातीत गोल खळगा पडतो आणि त्यात पाणी साचतं. समुद्राजवळ घर असेल तर पानांच्या कडाही करपतात. अशा वेळी दोष बहुधा खताला किंवा बियाण्याला दिला जातो. पावसाळी भाजीसाठी आपण पाण्याचा निचरा बघतो, चर काढतो, गादीवाफे करतो, आणि वाऱ्याला मात्र नशिबावर सोडतो. तसं सोडायची गरज नाही. परसातल्या अर्ध्या-एक गुंठ्याला पुरेसा आडोसा थोड्या पैशांत आणि दोन-तीन दिवसांच्या कामात उभा राहतो. फक्त तो कुठे आणि कसा उभा करायचा हे नीट समजून घ्यायला हवं.

हा लेख अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची किनारपट्टी आणि तिच्या मागचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. देशावरच्या वाचकांसाठी वेगळं जे आहे ते पुढे एका ठिकाणी सांगितलं आहे.

भिंत का चालत नाही

पहिला विचार भिंतीचाच येतो. चिऱ्यांचा उंच गडगा घातला की वारा थांबेल असं वाटतं. पण वारा थांबत नाही, तो भिंतीवर चढतो आणि पलीकडे खाली कोसळतो. भिंतीच्या आतल्या बाजूला थोड्या अंतरावर भोवरे तयार होतात आणि रोपं एकाच दिशेला वाकण्याऐवजी चहूकडून पिळवटली जातात. पत्र्याचं कुंपण आणि प्लॅस्टिकची ताडपत्री यांचंही तेच होतं. शिवाय सगळा रेटा अंगावर घेतल्यामुळे ती आधी फाटतात किंवा खांबासकट उपटून निघतात.

वारा चाळणीतून गाळावा तसा गाळून आत घ्यायचा. आडोशाचा साधारण अर्धा भाग भरीव आणि अर्धा मोकळा असेल तर काही वारा हळू होऊन आरपार येतो. वरून येणाऱ्या वाऱ्याला हा मंद वारा खाली कोसळू देत नाही, त्यामुळे भोवरे फारसे होत नाहीत आणि संरक्षण लांबपर्यंत पोचतं. वाऱ्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून वेग निम्मा झाला तर रेटा चौथा हिस्साच उरतो. वारा पूर्ण बंद करण्याचा हट्ट म्हणूनच सोडायचा. निम्मा वेग कमी झाला तरी पडवळाचा वेल मांडवावर टिकतो आणि मधमाश्या फुलांवर येऊ लागतात. थोडी हवा खेळती राहायलाच हवी, नाहीतर पावसाळ्यात पानं दिवसभर ओली राहून केवड्यासारखे बुरशीचे रोग बळावतात.

भिंत आधीच असेल तर ती पाडू नका. तिच्या बाहेरच्या, म्हणजे वाऱ्याकडच्या बाजूला निर्गुडी किंवा जास्वंदीची ओळ लावा, म्हणजे वारा भिंतीवर आदळण्याआधीच मंदावेल. नवा गडगा घालणार असाल तर खालचे थर भरीव ठेवा आणि वरच्या थरांत एकाआड एक चिरा गाळून जाळी सोडा. गवंड्याला ‘वर जाळी सोड’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

आधी वारा ओळखा

खांब रोवण्याआधी आठ-दहा दिवस नुसतं बघा. बागेच्या चारही कोपऱ्यांवर आणि मध्यावर काठ्या रोवा. प्रत्येक काठीला गुडघ्याच्या आणि डोक्याच्या उंचीवर जुन्या सुती साडीच्या पट्ट्या बांधा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी त्या कुठे उडतात, किती ताणून उडतात, कुठे लोंबत राहतात हे वहीत लिहा.

कोकणातला वाऱ्याचा वर्षभराचा क्रम ठरलेला आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर समुद्राकडून खारे वारे जोरात येतात, पश्चिमेकडून आणि वायव्येकडून. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे जातात, पण त्यांनी भाजीचं फारसं बिघडत नाही. जून ते सप्टेंबर नैऋत्य आणि पश्चिमेचा पावसाळी वारा असतो आणि खरा मार त्याचाच. वळवाच्या वादळाला मात्र दिशा नसते. ते कुठूनही येतं, म्हणून त्याच्यासाठी आडोसा आखू नये, त्याच्यासाठी आधारकाठ्या भक्कम ठेवाव्यात.

हा सर्वसाधारण क्रम झाला. तुमच्या परसातला वारा घर, विहीर, शेजारचा गडगा, डोंगराची घळ यांच्यामुळे वळलेला असतो. घराच्या कोपऱ्यावरून वारा नेहमी जास्त जोराने घुसतो, तसाच दोन घरांमधल्या बोळातूनही. काठ्यांवरच्या पट्ट्या हे एका दिवसात दाखवतात. आजूबाजूची झाडंही सांगतात. केळीची पानं कोणत्या बाजूला जास्त फाटली आहेत, शेवगा कुठे कलला आहे, आंब्याच्या फांद्यांची वाढ कोणत्या बाजूला खुंटली आहे ते पाहा. सड्यावरची खुरटी झुडपं तर एका अंगाला विंचरल्यागत वाढलेली असतात, ती दिशा पक्की समजा.

उंची, लांबी, अंतर

सगळा हिशेब आडोशाच्या उंचीवर चालतो. अर्धवट मोकळ्या आडोशाच्या मागे त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत चांगलं संरक्षण मिळतं. परिणाम त्याही पुढे जाणवतो, पण विरत जातो. सगळ्यात शांत पट्टा उंचीच्या तिप्पट ते सहापट अंतरावर असतो. म्हणजे सहा फूट उंच जाळी लावली तर साठ फुटांपर्यंत फायदा आहे, आणि अठरा ते छत्तीस फुटांच्या दरम्यान तो सर्वाधिक. परसबागेला याहून उंच काही लागत नाही. वीस फूट उंच झाडांची रांग लावून सावली आणि मुळं ओढवून घेण्यापेक्षा सहा फुटांचं कुंपण कितीतरी बरं.

लांबीकडे लोक लक्ष देत नाहीत, आणि तिथेच आडोसा फसतो. वारा टोकाला वळसा घालून आत शिरतो आणि टोकांजवळ उलट जोर धरतो. म्हणून लांबी उंचीच्या किमान दहापट असावी. सहा फुटी आडोशाला साठ फूट लांबी लागेल. तेवढी जागा एका सरळ रेषेत कुणाकडे नसते, म्हणून आडोसा वळवायचा. समजा बाग पश्चिमेकडे तीस फूट आणि दक्षिणेकडे वीस फूट आहे. पश्चिमेची तीस, दक्षिणेची वीस आणि वायव्येच्या कोपऱ्यावरून उत्तरेच्या बाजूला वळवलेली दहा फूट, अशी साठ फुटांची ओळ होते. पूर्व मोकळी ठेवा. सकाळचं ऊन तिथून येईल आणि ये-जाही तिथूनच ठेवा.

वाऱ्याच्या बाजूला बेडं किंवा फाटक ठेवू नये. फटीतून वारा जास्त वेगाने घुसतो आणि समोरचा वाफा झोडपतो. रस्ता त्याच बाजूला असल्यामुळे दार तिथेच ठेवणं भाग असेल तर दाराच्या आत चार फुटांवर दारापेक्षा दुप्पट रुंद आडोशाचा एक तुकडा उभा करा आणि त्याला वळसा घालून आत जा.

सावलीचाही हिशेब करून ठेवा. कोकणात डिसेंबरात दुपारी सूर्य दक्षिणेला कललेला असतो आणि सहा फूट उंच दक्षिण कुंपणाची सावली आत पाच-साडेपाच फूट पडते. तेवढ्या पट्ट्यात पायवाट, कंपोस्टचा खड्डा, किंवा आळू, आलं, हळद यांसारखी सावली सोसणारी पिकं घ्या. पश्चिमेच्या कुंपणालगत तीन-चार फूट जागा अशीही मोकळी लागतेच, नाहीतर छाटणीला हात पोचत नाही.

या वर्षीचा आडोसा: जाळी नाहीतर कामट्या

झुडपांचं हिरवं कुंपण तयार व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात. तोवरच्या सोयीसाठी जाळी किंवा कामट्या, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या, लावायचं काम एप्रिल-मेमध्ये उरका. मृग लागला की ओल्या मातीत रोवलेला खांब घट्ट बसत नाही.

खांबांना आठ-साडेआठ फुटांचे बांबू घ्या. माणगा मिळाला तर उत्तम, तो जवळजवळ भरीव असतो आणि टिकतो. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर फासा, म्हणजे वाळवी आणि कूज लांब राहते. दोन फूट खोल खड्डा करून भोवती मातीऐवजी दगडाच्या चिपा ठोकून भरा. पावसात माती सैल होते, चिपा होत नाहीत. दोन खांबांत सहा-सात फुटांपेक्षा जास्त अंतर नको. टोकाच्या आणि कोपऱ्याच्या खांबांना आतून तिरका टेकू द्या, कारण सगळा ताण शेवटी तिथे जातो. सड्यावर कातळ असेल आणि खड्डा निघत नसेल तर जुन्या डब्यात काँक्रीट ओतून त्यात लोखंडी पाइप उभा करा आणि डब्याभोवती दगड रचा.

खांबांवर जमिनीलगत, मध्यावर आणि वरच्या टोकाला अशा तीन तारा ताणून घ्या. जाळी घेताना दुकानात ‘50 टक्के शेडनेट’ मागा. सावलीची टक्केवारी आणि वारा रोखण्याची टक्केवारी तंतोतंत एक नसते, पण घरच्या कामाला हा अंदाज पुरतो. 75 किंवा 90 टक्क्यांची जाळी स्वस्त मिळाली तरी नको. ओली झाल्यावर ती जवळजवळ भिंतच होते.

जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाला, वाऱ्याच्या बाजूने लावा. मग वारा तिला खांबांवर दाबतो. आतून लावली तर प्रत्येक झोतात ती बांधणीवर ओढली जाते आणि चार दिवसांत फाटते. नुसत्या सुतळीने जागोजागी बांधलेली जाळी गाठीपाशीच फाटते, म्हणून प्रत्येक खांबावर जाळीवरून लाकडाची किंवा बांबूची उभी पट्टी ठेवून ती खिळ्यांनी किंवा तारेने आवळा. रेटा पट्टीच्या पूर्ण उंचीवर विभागला जातो. जाळी जमिनीला टेकलेली हवी. खाली वीतभर फट राहिली तर तिथून येणारा झोत नेमका कोवळ्या रोपांच्या उंचीवर असतो.

प्लॅस्टिक नको असेल तर कामट्यांचं कुंपण करा. दीड इंच रुंदीची कामटी आणि मध्ये दीड इंच फट, म्हणजे निम्मं भरीव आणि निम्मं मोकळं. कारवीच्या काठ्या मिळत असतील तर त्याही उभ्या बांधता येतात, फक्त कुडाच्या भिंतीसारख्या चिकटून बांधू नका. नारळाच्या झावळ्या विणून केलेले झाप पावसाच्या माऱ्यापासून घर राखायला चांगले, पण वाऱ्याला फार दाट पडतात. बागेसाठी झावळ्या न विणता उभ्या, थोड्या अंतराने बांधा. एक पावसाळा जातो, नंतर त्याच वाफ्यांवर आच्छादन (मल्चिंग) म्हणून वापरता येतात.

किनाऱ्यावर मासेमारीची जुनी जाळी सहज मिळते. ती वापरायचा मोह होतो, पण माझा तिला ठाम विरोध आहे. एकेरी लावली तर वारा फारसा कमी होत नाही, आणि जमिनीलगत धामण, नानेटी यांसारखे साप अडकून तडफडून मरतात. धामण बागेतले उंदीर खाते. तिला मारणारं कुंपण बागेच्या कामाचं नाही.

कायमचा आडोसा: हिरवं कुंपण

जाळीच्या बाहेरच्या अंगाला, तिच्यापासून तीन फुटांवर हिरव्या कुंपणाची ओळ धरा. जाळी या रोपांना सुरुवातीला आसरा देत नाही हे खरं, पण उलट लावलं तर पुढे कुंपण बागेत शिरतं. पहिल्या पावसाळ्यापुरता रोपांना काठीचा आधार द्या.

दोन ओळी असतील तर उत्तम. ओळींत अडीच-तीन फूट अंतर ठेवा आणि रोपं समोरासमोर न लावता एकाआड एक लावा, म्हणजे पुढच्या दोन रोपांमधली फट मागचं रोप झाकतं. पहिला जोराचा पाऊस होऊन जमीन भिजली की लागवड करा.

काय लावायचं यावर माझं मत असं. बाहेरच्या ओळीत निर्गुडी. ती फाट्यापासून, म्हणजे फांदीच्या तुकड्यापासून, सहज लागते, खारा वारा बऱ्यापैकी सोसते, गुरं-शेळ्या तिला तोंड लावत नाहीत आणि छाटली की बुंध्यापासून फुटते. आतल्या ओळीत अडुळसा किंवा जास्वंद. अडुळसा सदाहरित आहे आणि शेळ्या तोही खात नाहीत. जास्वंदीला खत-पाणी मिळालं तर ती दाट होते आणि रोज फुलं देते, पण अगदी समुद्रासमोर ती पुढच्या ओळीत टिकत नाही.

गिरिपुष्प, ज्याला बरेच जण उंदीरमारी म्हणतात, सगळ्यात लवकर वाढतं. अंगठ्याहून जाड, चार-पाच फूट लांब फाटे दीड-दोन फुटांवर रोवले की पहिल्याच पावसात फुटतात, आणि छाटलेला पाला हिरवळीच्या खताला जातो. पण ते हिवाळ्याअखेर पानं गाळतं आणि मार्च-एप्रिलच्या खाऱ्या वाऱ्याला आडोसा उरत नाही. उन्हाळी भाजी करत असाल तर नुसत्या गिरिपुष्पावर अवलंबून राहू नका.

समुद्र दोन-तीनशे मीटरवर असेल तर वाऱ्यासोबत मीठ येतं आणि निवड बदलते. तिथे सगळ्यात पुढे उंडी, करंज, भेंड, केवडा यांतलं काहीतरी हवं. उंडी हळू वाढते, पण मीठ आणि वारा दोन्ही सोसण्यात तिला तोड नाही. जागा असेल तर आज लावलेली उंडी पुढच्या पिढीचा आडोसा आहे, म्हणून एक तरी लावाच. सुरू किनाऱ्यावर सगळीकडे दिसतो आणि भराभर वाढतो, पण तो पुळणीवरच्या, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवरच्या, मोठ्या पट्ट्यांत शोभतो. घरामागच्या बागेजवळ एकटी उंच रांग केली तर मोठ्या वादळात तीच अंगावर येण्याची भीती असते.

शेवगा आणि हादगा कुंपणाच्या पुढच्या ओळीत नकोत. दोघांचं लाकूड ठिसूळ, फांद्या कडाकडा मोडतात. ते आडोशाच्या आत, पूर्वेकडे लावा. पपई आणि केळीलाही तिथेच जागा द्या. सुबाभळीचं बी सगळीकडे पसरतं आणि नंतर उपटताना जीव जातो. निलगिरी परसाजवळ मुळीच नको.

पहिल्या दोन वर्षांत कुंपण उंच करायची घाई करू नका. फुटाभराचं झाल्यावर शेंडा खुडा, पुन्हा दीड फुटावर खुडा. असं केल्याने खालून फांद्या फुटतात. पायाशी उघडी पडलेली आणि वर झुपका असलेली ओळ वारा खालून आत सोडते, आणि तो झोत मोकळ्या मैदानातल्या वाऱ्यापेक्षा जोरदार असतो. छाटणी नेहमी खाली रुंद, वर निमुळती ठेवा, म्हणजे खालच्या फांद्यांना ऊन मिळतं. फारच दाट झालं तर आतल्या काही फांद्या काढून विरळ करा. कुंपणाच्या पलीकडे उभा माणूस अंधूक दिसावा इतपत दाटपणा योग्य.

मुळं वाफ्यात येऊ नयेत म्हणून कुंपण आणि पहिला वाफा यांच्यामध्ये दीड-दोन फूट खोल चर ठेवा आणि दर वर्षी पाऊस संपल्यावर कुदळीने त्यात आलेली मुळं तोडा. हाच चर पावसाळ्यात निचऱ्याला कामी येतो. पहिल्या उन्हाळ्यात कुंपणाला आठवड्यातून एक-दोनदा पाणी घाला. बहुतेक कुंपणं पावसात नाही, पहिल्या एप्रिलमध्ये मरतात.

देशावर असाल तर

हिशेब तोच, वारा वेगळा. खानदेशात आणि विदर्भात उन्हाळ्यातला कोरडा, तापलेला वारा पानांतलं पाणी ओढून घेतो, त्यामुळे पाणी दिलं तरी रोपं माना टाकतात. जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडचे केळी उत्पादक बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवताच्या दाट ओळी लावतात, त्या याच कारणासाठी. मे-जूनमधल्या वादळी वाऱ्यात घड धरलेली केळी मोडू नये हा दुसरा हेतू. परसबागेला शेवरी उत्तम. बी पेरून काही महिन्यांत डोक्याएवढी होते. मेंदीचं कुंपणही कोरड्या हवेला सोसतं.

आडोशाच्या आत

मांडव सपाट, पाच-साडेपाच फूट उंचीचा ठेवा. काकडी, घोसाळी, कारली उभ्या जाळीवर चढवत असाल तर जाळी पूर्व-पश्चिम, म्हणजे वाऱ्याच्या रेषेत उभी करा. वाऱ्याला आडवी उभी केलेली वेलांची जाळी पानं भरली की स्वतःच भिंत होते आणि मुळासकट पडते. मिरची-वांग्याला काठी लावणीच्या दिवशीच द्या, वाऱ्याकडच्या बाजूला रोवा आणि सुतळीचा आठाच्या आकाराचा सैल वेढा घाला. लावणीनंतर महिन्याने बुंध्याला मातीची भर द्या. सगळ्यात नाजूक पिकं आडोशापासून पंधरा-वीस फुटांवर ठेवा. भेंडी, माठ, तूर कडेला चालतात.

खारा शिडकावा बसल्यावर लगेच पाऊस आला नाही तर संध्याकाळी गोड्या पाण्याने पानं धुवा. मीठ पानावर वाळलं तर ते जाळतं.

मोठ्या वादळाचा इशारा आला तर

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं आणि पिढ्यान् पिढ्यांच्या नारळ-सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्यालगत वर सरकलं. अशा वाऱ्यापुढे सहा फुटी जाळी भाजी वाचवत नाही आणि तिच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. हवामान खात्याचा चक्रीवादळाचा इशारा आला की आदल्या दिवशीच जाळी उतरवून गुंडाळून ठेवा. जाळी गेली तर खांब वाचतात, जाळी राहिली तर खांब, तारा, सगळंच उडून घरावर येऊ शकतं. यासाठीच उभ्या पट्ट्या खिळ्यांपेक्षा तारेच्या पिळाने आवळणं मला जास्त पसंत आहे, पक्कड घेऊन अर्ध्या तासात सुटतात. मांडवावरची तयार फळं काढून घ्या, केळीची मोठी पानं अर्ध्यावर छाटा, कुंपणाचे लांब वाढलेले शेंडे कापा.

वादळ ओसरल्यावर कललेली रोपं त्याच दिवशी, माती ओली असतानाच हळूच सरळ करून पायाने माती दाबा आणि काठीला बांधा. दोन दिवसांनी केलं तर तुटायची राहिलेली मुळंही तुटतात. जाळी परत लावण्याआधी प्रत्येक खांब हाताने हलवून पाहा. जो हलेल त्याच्याभोवती पुन्हा चिपा ठोका. कुंपणात रोप मेलं असेल तर ती जागा ऑगस्टच्या आतच नवा फाटा लावून भरा.